चहा कोणी करायचा
“आण ती किटली इकडे,” म्हणत ताईंनी बस चालवणाऱ्या बाईच्या हातातून ती काढूनच घेतली. दारू सोडलेल्या बायकांच्या या मंडळात रोज संध्याकाळी नेम एकच होता: जिचे न पिण्याचे दिवस सगळ्यांत कमी, तिने चहा करायचा. बसवालीचे एकोणीस झाले होते. ताईंचं अकरावं वर्ष चालू होतं आणि नव्या बायकांना सांभाळायचं काम त्यांच्याकडेच होतं. “अहो ताई, चहा माझ्याकडे आहे,” बसवाली हसली, “उगाच लाजवता मला.” ताईंनी गॅस पेटवला. “बहीण वारली तेव्हापासून मन थाऱ्यावर नव्हतं. रविवारी मी प्यायले. घरात एकटीच होते, कोणाला कळलंही नसतं. आज माझा दुसरा दिवस. आता वर्षभर माझ्याकडे नव्या बायका कोणी देणार नाही, आणि देऊही नयेत. पण मी येणं सोडणार नाही.” मग ताईंनी हळू आवाजात विचारलं, “साखर कुठे ठेवता गं?” बसवालीने डबा काढून दिला आणि झाकणही उघडून दिलं. चहा सगळ्यांनी संपवला. “पाणचट झालाय हो,” मंडळातली शिंपीणबाई म्हणाली. “दहा वर्षांत किटलीला हात लावला नव्हता,” ताई कप गोळा करत म्हणाल्या. “उद्या अर्धा तास आधी या,” बसवाली म्हणाली, “मी शेजारी उभी राहते.” “तासभर आधी येते,” ताई म्हणाल्या.