शेवटच्या किंकाळीनंतर

भावाचा दोनशे चौदावा अल्बम संपत आला तशी ताईने शिवणयंत्र थांबवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

टेबलावर एका वेळी तीन कॅसेटी भरत होत्या. भावाचे ग्राहक मोजून तीस, पण पक्के. त्यांना कॅसेटच हवी असे, आणि कॅसेटची नक्कल करायची तर ती पुरती वाजू द्यावी लागते. म्हणजे दर अल्बम दहा वेळा. तो स्वतः एकदा वाजवलेलं पुन्हा कधी ऐकत नसे. त्यामुळे त्याचं सगळं हेवी मेटल संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं जगात एकच माणूस होतं, आणि तिला त्यातलं काही म्हणता काही आवडत नव्हतं.

बारा वर्षांत दोनशे चौदा. तीच गिटार, तोच यंत्राचा ड्रम, वर त्याचं घसा फाडून ओरडणं.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणायची.

"चिंध्या जोडूनच गोधडी होते, ताई. तुला हे मी सांगायचं?" तो हसायचा.

त्याचा नियम एकच होता, काटछाट नाही. शेवटची किंकाळी झाली की तो गिटार खाली ठेवायचा, चार पावलं चालून टेप थांबवायचं बटण दाबायचा. ती पावलं, तो श्वास, सगळं टेपवर तसंच राहायचं. पहिल्या शंभर अल्बममध्ये याला पाच सेकंद लागत. गेल्या वर्षी बारा लागले, दोनशेव्याला तीस.

आता किंकाळी आली. मागोमाग श्वास, ओला आणि घरघरता. घड्याळाचा काटा सरकत राहिला. त्रेपन्नाव्या सेकंदाला खट्ट झालं.

भाऊ तळघरातून वर आला तो कठड्याला धरून. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

"डॉक्टरांनी ओरडायचं नाही म्हणून बजावलंय ना? हृदय आहे ते, तुझा ड्रम नाही. फुटलं तर दुसरं बसवता येत नाही."

त्याने पेला घेतला नाही. खिशातून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे वाच आधी."

तिने चष्मा लावला. कुणा जुन्या ग्राहकाचं पत्र होतं. 'गाणी नेहमीचीच. खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं एकच गाणं ऐकतोय असं वाटतं. पण हल्ली शेवटच्या किंकाळीनंतर जे येतं, तसं भयानक आम्ही कुठेच ऐकलेलं नाही. ते अजून लांबवता येईल का?'

"बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलंय," तो म्हणाला. त्याची नखं निळसर दिसत होती. "तू म्हणायचीस ते खरं होतं गं. नुसता ढीग केला मी. आता एक तरी धड करतो."

"मी तसं नव्हते म्हणत रे," ताई म्हणाली. तोवर तो निम्मा जिना उतरला होता.

तळघराच्या दारावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. दिवा लागला की घराला आग लागली तरी दार उघडायचं नाही, चमचाही वाजू द्यायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. ताईने कापड यंत्राखाली घेतलं आणि तसंच सोडून दिलं. पाऊण तास फरशी थरथरत होती. मग किंकाळी आली, आजवरच्या सगळ्यांहून लांब, आणि खाली शांत झालं.

ती जिन्यावर येऊन मोजू लागली. त्रेपन्न झाले. साठ झाले. नव्वद. खट्ट काही होईना. दोनदा तिचा हात कडीकडे गेला आणि दोनदा लाल दिवा पाहून मागे आला. एकशे वीसला ती पुटपुटली, "खड्ड्यात गेला तुझा अल्बम," आणि तिने दार ढकललं.

तो स्पीकरला टेकून जमिनीवर बसला होता. चेहरा राखेच्या रंगाचा. माइक दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेला. टेप फिरतच होती. ताईने त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत आनंद होता, लहानपणी पतंग वर चढल्यावर असायचा तसा. एक हात कसाबसा सुटला, वर आला, आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

आणि बारा वर्षांच्या सवयीने ताईने श्वास रोखून धरला.