डॉल्फिन, चतुर आणि तळघर

अखेर डॉल्फिन जिंकला. पण तसं काही घडलंच नाही असं धरून चालू, कारण तळघरातल्या कारकुनाला, भाऊसाहेबांना, अजून कुणी कळवलेलं नाही.

प्राणिरक्षण खात्याच्या यादीत एकाच जातीपुरती जागा उरली होती. म्हणून साहेबांनी त्यांना तुलनेचा तक्ता करायला लावला : नदीतला डॉल्फिन आणि ओढ्याकाठी उडणारा कीटक, सोनकडी चतुर.

"साहेब, डॉल्फिन दर दोन मिनिटांनी श्वास घ्यायला वर येतो. चतुराची अळी पाच वर्षं तळाच्या चिखलात काढते, मग पंख फुटून महिनाभर उडते आणि संपते."

"पाच वर्षं? आणि हूं की चूं नाही?"

"नाही, साहेब."

"मग तिला कसलं डोंबलाचं संरक्षण, भाऊसाहेब! बरं चाललंय की तिचं."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. तळघरातलं त्यांचं हे एकोणतिसावं वर्ष. निवृत्तीला महिना उरलेला. वरच्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या टेबलासाठी त्यांनी केलेला अर्ज अकरा वर्षं वरच पडून होता. त्यांनी तक्ता पुरा केला आणि खाली शेरा लिहिला :

'अर्जदाराचे नाव चतुरातून कमी करून डॉल्फिनमध्ये घ्यावे व त्यास दर दोन मिनिटांनी वर येण्याची मुभा मिळावी, ही नम्र विनंती.'