बेवारस ठेव

"दहा वर्षं कोणी मागायला आलं नाही, की मन सरकारजमा होतं," अधिकारी दिघेबाई म्हणाल्या.

वडिलांशी अबोला धरून परदेशी गेलेली हेमांगी, ते वारल्यावर यंत्रात जतन झालेलं त्यांचं मन न्यायला आज लातूरच्या ठेव-कार्यालयात आली होती.

"पण ठेव आम्ही नुसती पडू देत नाही, गुंतवतो. तुमचे वडील मुलांच्या कॅन्सर रुग्णालयात पोरांशी गप्पा मारतात. सही करा, आजच परत मिळतील."

हेमांगीला खरंच वाटेना. बाबा तिच्याशी कधी धड दोन शब्द बोलले नव्हते. बाईंनी फोन जोडून दिला.

"बाबा, मी हेमांगी."

"छान नाव आहे. कोणत्या वॉर्डातली गं तू?"

तिने फोनवर हात ठेवून दिघेबाईंकडे पाहिलं.

"गुंतवताना घरच्या आठवणी काढून ठेवतो," दिघेबाई हळूच म्हणाल्या. "सही केलीत की परत जोडू."

"दुखतंय का, बाळा?" पलीकडून बाबांनी विचारलं. "बोल की, मी आहे."

हा मायेचा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. आठवणी जोडल्या की तो उरेल, याची तिला खात्री वाटेना. तिने कागद बाजूला सारला.

"हो बाबा," ती म्हणाली, "खूप दुखतंय."