एका ताटात जेवलेल्या जावा

२०१७ साली माझी जाऊ लालीबाई हिच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा मी यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंवरच चिडले.

"आमी दोघी रानातला तरोटा खाऊन वाढलो. पालेभाजीनं रक्त चांगलं राह्यते मनता ना?"

"राहतं, आजी. रक्तात चांगली सत्त्वं येतात, धोका थोडा कमी होतो. पण टळतोच असं नाही."

खाटेवरून लाली म्हणाली, "मंग हिलेही तपासा. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो. माह्या रक्तात हाय ते हिच्याही असंल."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तसं नसतं हो."

"तपासल्याबिगर मी सुई घेत नाही."

तिच्या हट्टापायी मला तपासलं. माझ्याही छातीत गाठ निघाली, तुरीच्या दाण्याएवढी; वेळेत काढली.

लालीला पुढची होळी दिसली नाही. डॉक्टरीणबाई नागपूरला गेल्या. मी दोघींच्या सुनांना दरवर्षी एसटीत बसवून तपासणीला नेते. कुरकुरल्या की लाली द्यायची त्याच शिव्या देते.