दोन किलोमीटर

"मॅडम, तुमच्याच अहवालावर हा निर्णय झाला. आता तुम्हीच तो चुकला म्हणता?" शिक्षण सचिवांनी फाईल मिटली.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापक मृणालिनी खांबेटे यांनी तीन वर्षांपूर्वी सरकारला सल्ला दिला होता, की कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात. नकाशावर अंतर जेमतेम दोन किलोमीटर होतं. गेल्या महिन्यात त्या स्वतः एका डोंगरवाडीतून ते अंतर चालल्या. वाटेत ओढा होता, दाट रान होतं. वाडीतल्या अकरापैकी नऊ मुलींनी शाळा सोडली होती. "एवढ्याशा पोरीला कसं धाडू, बाई?" एका आईनं विचारलं. परतल्यावर त्यांनी सचिवांची भेट मागितली.

"हो, चूक माझी आहे," त्या सचिवांना म्हणाल्या. "ती मी माझ्या नावानं छापणार."

"मग सल्लागार समितीत राहता येणार नाही."

"नाही राहत."

समितीतून त्यांना काढलं. सुट्टी मिळेल तशा त्या बंद शाळांच्या वाटा पायी मोजत, आकडे छापत राहिल्या. दोन वर्षांनी सरकारनं चाळीस शाळा पुन्हा उघडल्या. बातमी वाचून त्यांनी सोबत वाटा मोजणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला, "उद्या सकाळची एसटी धरू. अजून बऱ्याच वाटा राहिल्यात."