तेराचं पान

"कमी करायला वरून दोन नावं मागितलीत," सत्यम सर म्हणाले. "मी माझ्या मनानं देऊन मोकळा झालो असतो. पण मी तसला लीडर न्हाई. टीम तुमची हाय, तुम्हीच ठरवा."

आणि त्यांनी पत्त्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

नांदेडच्या त्या ऑफिसात पाचही जणांना हे पत्ते चांगलेच ओळखीचे होते. नवं काम आलं की ते किती जड, हे त्यांच्यावरच ठरायचं. एक म्हणजे चुटकीसरशी होणारं, तेरा म्हणजे घाम काढणारं. प्रत्येकानं पान पालथं ठेवायचं, सगळ्यांनी एकदम उलटायचं. ज्याचं पान वेगळं, त्यानं कारण सांगायचं. मग पुन्हा पानं टाकायची, सगळ्यांचं जुळेपर्यंत. आज फक्त कामाच्या जागी माणसं होती: ज्याची पाळी त्यानं सोडून बाकी चौघांनी पानं टाकायची, आणि सगळ्यांत लहान आकड्यांची दोन नावं वर जायची.

"प्रश्न साधा हाय," सर म्हणाले. "हा माणूस उद्या नसला तर आपल्याला किती जड जाईल? ज्याचं त्याच्या तोंडावर, मोकळ्या मनानं. पाठीमागं काही न्हाई."

सर मागच्या महिन्यात पुण्याला दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. तेव्हापासून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात 'आधी माणूस' असं लिहिलेलं होतं आणि ते पुसायला मनाई होती. आज तर अर्धापूरहून घरच्या केळ्यांच्या दोन फण्याही आणल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

वैजनाथला आठ पडले. पुनमला आठ. बबलूला पाच, तो कसानुसा हसला.

मग नरसिंग. हदगावचा, वयानं सगळ्यांत मोठा. रोज सकाळच्या बैठकीत "चालू हाय" एवढं बोलून खाली बघणारा. आपण काय केलं ते चारचौघांत सांगायला त्याला कधी जमलंच नाही, आणि जे सांगत नाहीत त्यांनी काही केलेलंही नसतं, असा त्या ऑफिसचा हिशेब होता.

पानं उलटली. एक. एक. एक. आणि राजकन्याचं तेरा.

"अरे वा!" सर पुढं झुकले. "तेरा का गं? सांग सगळ्यांना."

राजकन्या टीममध्ये सगळ्यांत नवी. कारण तिला ठाऊक होतं. गेले आठ महिने तिच्या नावावर जे जे अवघड काम लागलं, ते नरसिंगदादानं करून दिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून. फळ्यावर नाव तिचं, टाळ्या तिला. त्यानं एका शब्दानं कुणाला कळू दिलं नव्हतं. आता ती काय सांगणार? दादा गेला तर माझं काम कोण करणार, हेच ना? हे बोलली की पुढच्या डावात तिचाच पत्ता कट होता. आणि नोकरी गेली की मुखेडची बस. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, नोकरी हाय तवर रूमवर राहा, सुटली की दुसऱ्या दिवशी घरी. घरी पाहुण्यांनी पसंती कळवून ठेवलेलीच होती.

"बोल की. इथं कुणी कुणाला खात न्हाई."

नरसिंग तिच्याकडं बघतच नव्हता. तो केळ्यांकडं बघत होता.

"चुकून पडलं, सर," राजकन्या म्हणाली. "बदलते."

बोलताना तिला स्वतःची किळस आली. पण जीभ अडखळली नाही.

दुसऱ्यांदा पानं उलटली. चारही एक.

"थँक यू, नरसिंग," सर म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते, हे सांगायलाच हवं. उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "किती मोठ्या मनानं घेतलंस तू." नरसिंगनं अजून काहीच घेतलं नव्हतं. तो नुसता बसून होता.

शेवटची पाळी राजकन्याची. वाचायचं तर तिला बबलूच्या पाचाच्या वर पडायला हवे होते. पानं पालथी पडली. नरसिंगनंही सवयीनं आपलं पान टाकलं.

उलटली. एक. एक. एक. आणि नरसिंगचं तेरा.

"कारण सांगतो," तो कुणी विचारायच्या आधीच म्हणाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तो बैठकीत मान वर करून बोलत होता. "ही लई लवकर शिकून राहिली, सर. मागच्या आठवड्यातलं ते अडलेलं काम हिनं एकटीनं काढलं. म्या हात बी लावला न्हाई. दोन महिने द्या हिला, हे सगळं सांभाळती का न्हाई बघा."

मागच्या आठवड्यातलं कामही त्यानंच काढलं होतं. राजकन्याला लाजेनं रडू फुटलं. आणि त्या रडण्यातही तिला मेली आशा वाटायला लागली. कारण सांगून झालं होतं. आता पुन्हा पानं टाकायची होती.

"किती छान बोललास, नरसिंग," सर म्हणाले. "पण आपण आत्ताच ठरवलं ना? तू आता टीममध्ये न्हाईस. तुझं पान धरता येत न्हाई."

त्यांनी हळुवार हातानं तेराचं पान उचललं आणि गठ्ठ्यात घातलं. टेबलावर एकाची तीन पानं उरली. तिन्ही सारखीच होती, त्यामुळं कुणालाच कारण सांगावं लागलं नाही.