मोर्चाची पिशवी

लिंबू सरबताची बाटली, तूपसाखर लावलेल्या सहा पोळ्या, टोपी, ओला नॅपकिन, जादा फ्रॉक. एवढं भरूनही राहवेना, म्हणून सात वर्षांच्या शर्वरीच्या दंडावर मी पेनने माझा मोबाइल नंबर लिहिला आणि ते पेनही पिशवीत टाकलं.

“मोर्चाला चाललीयेस की माथेरानला?” नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढताच विचारलं. आमच्या पोरांच्या मैदानावर पालिकेने पार्किंग केलं, तेव्हाही त्याने डोकं वर काढलं नव्हतं. उलट पहिल्याच दिवशी आपली गाडी तिथे नेऊन लावली होती.

पालिकेच्या दारात आम्ही चाळीस पालक पोरांसकट रस्त्यावर बसलो. निवेदन घेणारे साहेब म्हणे मीटिंगमध्ये होते. तासाभरात घोषणा देऊन घसे बसले, पोळ्या संपल्या, पोरं कंटाळली. तेवढ्यात शर्वरीने पिशवीच्या तळातून चेंडू काढला. तो काही मी भरला नव्हता. बघता बघता पालिकेच्या फाटकाचे स्टंप झाले आणि खेळ रंगला.

चौथ्याच चेंडूला साहेबांच्या केबिनची काच फुटली. मीटिंग लगेच संपली.

“रस्ता काय खेळायची जागा आहे?” साहेब पायऱ्यांवरूनच ओरडले. “मैदानावर जाऊन खेळा की!”

मी पुढे होऊन निवेदनाचा कागद त्यांच्यासमोर धरला आणि पिशवीतून पेन काढून दिलं.

“साहेब, आता बोललात तेवढंच खाली लिहून सही करा. आम्ही लगेच जातो.”